तपासणाऱ्याचं नाव

इंदिरानगर, नाशिक
रविवार, ८ जून

चि. अदनान,
शेवाळे सरांचे भरभरून आशीर्वाद.

तुझा निरोप सकाळी आला. चहा निवून गेला तरी मी तो वाचतच होतो. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला वर्गातली गोष्ट विचारतं आहे, तेही जिनिव्हाहून, तेही असल्या कामासाठी! फोनवर उत्तर देता आलं असतं, पण त्या काचेवर माझी बोटं घसरतात आणि मन तर त्याहून घसरतं. म्हणून कागदावर लिहितो आणि फोटो काढून पाठवतो. तेवढं शिकलो आहे. अक्षर पूर्वीसारखं टपोरं राहिलेलं नाही, त्याचे गुण कापून घे.

तू लिहितोस, काही देशांनी मिळून ठरवलं आहे की दर चार-पाच वर्षांनी प्रत्येकानं आपली वही इतरांपुढे ठेवायची. तुरुंगात माणसांना कसं ठेवता, बायकांना, थोड्या संख्येनं असलेल्यांना, उलट बोलणाऱ्यांना कसं वागवता, हे बाकीच्या देशांनी तपासायचं. वर मास्तर कुणीच नाही. आणि ही तपासणी सरळ कशी होईल याचे नियम लिहायला तुम्हा पाच-सहा जणांना बसवलं आहे. त्या थोर खोलीत बसून तुला आठवली काय, तर सहावी ब मधली अदलाबदल!

तर ऐक. सुरुवातीला मी शेजाऱ्याशेजाऱ्यांत वह्या बदलायला सांगायचो. पंधरा दिवसांत सगळा वर्ग हुशार झाला. चौकशी केली तर बाकाबाकावर तह झालेले. "तू माझं हे सोड, मी तुझं ते सोडतो." जिथे तह नव्हता तिथे वैर होतं, आणि तिथे सगळेच नापास. मग मी चिठ्ठ्या टाकून वह्या वाटू लागलो. एक वही तिघांकडे जायची, तिघंही वेगळ्या रांगेतले. आधी वहीवाल्यानं उभं राहून आपल्या चुका आपणच सांगायच्या, मग बाकीच्यांनी. आणि तपासणाऱ्यानं शेवटी स्वतःचं पूर्ण नाव लिहायचं. त्यासाठी मी एक चार ओळींचं गाणं केलं होतं. तुम्ही ते खिडक्या दणाणतील असं म्हणायचात:

वही दुसऱ्याची, लेखणी माझी,
चूक दाखवीन ताजी ताजी;
खाली लिहीन नाव पुरे,
मग गुण देईन खरेखुरे!

कविता म्हणून सुमार, पण चाल काय होती! अजून कधी कधी संध्याकाळी सोसायटीतल्या बाकावर बसलो की आपोआप ओठांवर येते.

आणि एक खिडकीची गोष्ट. तुझे अब्बा सलाउद्दीनभाई शाळेचे गणवेश शिवायचे. ते द्यायला तुझी आई आली की वर्गाच्या खिडकीशी थांबायची. एकदा मी कौतुकानं तुझी वही दाखवली तर म्हणाली, "सर, वहीत दहापैकी दहा आहेत, पण दुकानात माप लिहायला बसवला तर छत्तीसचे त्रेसष्ट लिहितो." तुझे कान लाल झाले होते! सांगायचं कारण, तुमच्या सभेलाही अशी एक खिडकी ठेवा. सरकारं वहीतलं दाखवतील. दुकानातलं सांगणारं माणूस बाहेरच उभं असतं.

आता शेवटी तू भीतभीत लिहिलेली ओळ. नाशिक रोडची तुमची इमारत पाडायला घेणार, गणपतीच्या आत खोली सोडायची आहे, तुझ्या आईला, खातूनबींना, जिने चढवत नाहीत, आणि आमच्या सोसायटीतला निवृत्तीशेटचा तळमजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे असं तुझ्या कानावर आलं. अरे वेड्या, एवढं घाबरत कशाला विचारायचं? मी इथला अध्यक्ष आहे. हे झालंच समज. तू तुझे नियम लिही.

तुझा
शेवाळे सर


रविवार, २९ जून

चि. अदनान,

परवा तुझी आई फ्लॅट पाहून गेली. निवृत्तीशेट स्वतः किल्ली घेऊन लासलगावहून आले होते. कांद्याचे मोठे व्यापारी, आवाजही बाजारसमितीतला. "बघा मावशी, पाणी लय गोड. उजेड पण हाय." तुझी आई सगळ्या खोल्यांतून हळूहळू फिरली. मागच्या खिडकीजवळ थांबून म्हणाली, "मशीन इथे बसेल." तेवढंच बोलली. पण ते ज्या आवाजात बोलली त्यावरून मला वाटलं, बाईनं मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले.

मी शेटना बाजूला घेऊन विचारलं, तुमची काही अडचण? तर हसले. "मला काय सर, मी कांदा पारखतो, माणूस नाय पारखत. भाडं वेळेवर आलं की झालं. फक्त तुमच्या सोसायटीचा ना-हरकतीचा कागद द्या. मागनं कटकट नको."

कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. आमचा सेक्रेटरी रवी म्हणत होता, एकदोघांची कुरबूर आहे. सोसायट्यांमध्ये कुरबुरी असतातच. पाण्यावरून असतात, पार्किंगवरून असतात. तू त्यात डोकं घालू नकोस.

तुझा नवा प्रश्न मात्र खरा अवघड. बलाढ्य देश म्हणतात, सूचना कुणी केली त्याचं नावच नको. सगळ्यांचं मिळून एक मत लिहू. आणि कारण काय देतात, तर नाव दिसलं की लहान देश घाबरतील, खरं बोलणार नाहीत. तू चिडला आहेस, पण कारण खोटं नाही रे. माझ्या वर्गात एक काडीपैलवान पोरगा होता. त्याच्याकडे एका दांडगटाची वही आली. त्यानं एकही चूक दाखवली नाही, आणि नाव असं बारीक, कोपऱ्यात लिहिलं की मला वाचताच येईना. तेव्हा मला वाटलं, भित्र्याला नाव लिहायला लावणं हाही अन्यायच आहे.

पण नावं काढून टाकली तर काय होतं तेही मी करून पाहिलं. महिनाभर बिननावाची तपासणी चालवली. काडीपैलवान तसाच गप्प राहिला, आणि दांडगटांना रान मोकळं मिळालं. वाटेल त्याच्या वहीवर वाटेल ते. म्हणून मग तिघांनी एकत्र उभं राहून, एकाच पानावर, तिघांची नावं लिहायची असं केलं. एकट्याला भीती वाटते, तिघांना कमी वाटते. तुमच्याकडे हे बसतंय का बघ. नाव मात्र सोडू नकोस. त्यावर ठाम राहा.

तुझा
शेवाळे सर


रविवार, १३ जुलै

चि. अदनान,

बैठक झाली. विषय जरा पुढे गेला आहे. काही लोकांना विचार करायला वेळ हवा होता, आणि अशा बाबतीत सगळ्यांचं एकमत झालेलं बरं, नाही का? मागाहून येणाऱ्या माणसालाच ते सुखाचं. आईला म्हणावं, धीर धरा.

तू विचारलं आहेस की हरकत नेमकी कुणाची. ते सांगता येणार नाही. चिठ्ठ्या टाकल्या होत्या, गुप्त. आमच्या मालनताई कमिटीत एकट्याच बाई. त्यांना मोकळेपणानं मत देता यावं, म्हणून ती पद्धत सुचवली गेली. निवृत्तीशेट बाहेर थांबले होते, ते ऐकून म्हणाले, "आमच्या लिलावात बोली लावणाऱ्याचं तोंड दिसतं सर. तुमचं हे शिकलेल्यांचं काय कळत नाय." सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या आईला बैठकीला बोलवायला हवं होतं असं तू लिहितोस. हो. असो. तशी पद्धत नाही.

आज मन थाऱ्यावर नाही, म्हणून जुनं काही लिहितो. पहाटे जाग आली आणि वाटलं, आपण शाळेत आहोत. दुसरा तास संपत आला आहे, फळ्यावर नदीची कविता आहे आणि सगळा वर्ग एका सुरात तिच्या पाण्याबरोबर चालला आहे. तुझा आवाज तेव्हा फुटायला लागला होता, तरी तू शेवटचं कडवं सोडायचा नाहीस. कविता म्हणताना माणूस किती चांगला असतो! पुस्तक मिटलं की तेवढा राहत नाही. असो, असो.

नावांचं काय ठरलं ते कळव.

शेवाळे सर


शनिवार, २ ऑगस्ट

चि. अदनान,

काल तुझा लांबलचक निरोप आला. अभिनंदन! नावं राहिली. सूचना करणाऱ्या देशाचं नाव सूचनेशेजारी छापलं जाणार, आणि लहान देशांना तिघातिघांनी मिळून बोलता येणार. तू भर सभेत सहावी ब ची गोष्ट सांगितलीस, गाणं चालीवर म्हणून दाखवलंस, आणि कुणा गोऱ्या बाईंनी उठून विचारलं, "या शिक्षकांचं नाव काय?" हे वाचताना मी उभाच राहिलो. मग खाली बसलो.

मसुद्याच्या शेवटी आभारात माझं नाव घालणार आहेस, स्पेलिंग कळवा म्हणतोस. राहू दे ते. म्हाताऱ्या मास्तराचं नाव कशाला? खरंच राहू दे.

फ्लॅटचं जमलं नाही. निवृत्तीशेट थांबायला तयार नव्हते. एका बँकेतल्या माणसाला त्यांनी किल्ली दिली. व्यापारी माणूस, रिकामं घर ठेवून कसं चालेल? तुझी आई म्हणाली म्हणे की त्यांनाच स्वयंपाकघर अंधारं वाटलं. तूच तसं लिहिलं आहेस. असेल. मला वाटतं, दुपारनंतर तिथे उजेड कमी पडत असावा.

आता जास्त लिहवत नाही.

शेवाळे


रविवार, २४ ऑगस्ट

अदनान,

आज आशीर्वादानं सुरुवात करत नाही. पत्र शेवटपर्यंत वाच, मग तू ठरव.

काल मी नाशिक रोडला तुझ्या आईकडे गेलो. जायचं कारण साधं होतं. स्वयंपाकघरात दुपारनंतर उजेड कमी पडतो असं मी तुला लिहिलं, आणि ते वाक्य माझा पिच्छा सोडेना. तो फ्लॅट पश्चिमेचा आहे. दुपारनंतर तिथे ऊन मावत नाही.

जिने चढताना मी स्वतः दोनदा थांबलो. सामान बांधून झालं होतं. मशीनला चादर गुंडाळली होती. खातूनबी मालेगावला भावाकडे चालल्या आहेत. तुला ‘थोडे दिवस’ म्हणून सांगितलं असेल. थोडे दिवस नाहीत. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना त्यांनी दुसरीकडे पाठवून दिलं आहे.

"चहा घ्या सर. कप तेवढे वर ठेवलेत," म्हणाल्या.

मी म्हटलं, "अंधाराचं तुम्ही अदनानला का सांगितलंत?"

त्यांनी स्टोव्ह पेटवला. म्हणाल्या, "शेटनी सांगितलं मला सगळं. हो म्हणणारे अन् नको म्हणणारे बराबर झाले, अन् सर गप्प बसले."

"मग?"

"मग काय? लेकरू तिकडे मोठमोठ्या लोकांत तुमचं नाव घेतंय. फोनवर तुमचं गाणं म्हणून दाखवलं मला. त्याच्या तोंडातला घास मी कशाला काढू?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. न यायला मी काय मशीन आहे?" आणि मग हसल्या. त्या हसल्या ते मला झेपलं नाही. "चहा प्या, गार होतोय. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा त्याला. माझ्या तोंडून नाही जाणार."

म्हणून सांगतो.

बैठकीत आम्ही सात जण होतो. रवी म्हणाला, कायद्यानं असलं काही विचारता येत नाही, म्हणून तोंडीच बोलू. मग तोंडी बोलणं सुरू झालं. कुणी ‘त्यांच्यातले’ असंसुद्धा म्हटलं नाही. ‘पाहुणे फार येतात’, ‘वास’, ‘आपली सोसायटी घरगुती आहे’. सगळी सभ्य माणसं, सभ्य शब्द. मग गुप्त चिठ्ठ्यांचं कुणी सुचवलं असेल? मी. मालनताईंच्या नावानं सुचवलं, पण त्यांनी काही मागितलं नव्हतं. तुझ्या त्या बलाढ्य देशांचं कारण मी पत्रातून उचललं आणि आमच्या कमिटीत वापरलं. तुला ठाम राहायला सांगून आठवडासुद्धा झाला नव्हता.

चिठ्ठी समोर आली. ‘हरकत नाही’, दोनच शब्द लिहायचे. पेन टेकवलं. आणि डोळ्यांपुढे काय आलं सांगू? संध्याकाळचा बाक. ही गेल्यापासून ती चार माणसं हाच माझा दिवस. रवी मला दवाखान्यात नेतो. मालनताईंकडून आमटीचा डबा येतो. उद्या बाकावर बसलो आणि सगळे उठून गेले तर? मी डावा हात आडवा धरला, परीक्षेत पोरं धरतात तसा, आणि पेन नुसतं फिरवल्यासारखं केलं. शाई कागदाला लागू दिली नाही. चिठ्ठी घडी घालून टाकली.

रवीनं चिठ्ठ्या मोजल्या. तीन हरकतीच्या, तीन नसलेल्या, एक कोरी. मालनताई म्हणाल्या, "कोरी टाकणारा शहाणा दिसतो बाई. पेन जड झालं वाटतं." सगळे हसले. मी तुला लिहिलं होतं ना, मीही हसलो? ते शेटच्या बोलण्यावर नव्हे, या वेळी. मग रवी म्हणाला, "बरोबरी झाली सर. आता अध्यक्षांचं मत." म्हणजे आता तोंडानं बोलायचं होतं, नावासकट. मी म्हटलं, "घाई नको. एकमत होऊ दे." निवृत्तीशेट बाहेर थांबले होते, त्यांनी घड्याळ बघितलं.

तुझी आई हरली ती तीन हरकतींनी नाही रे. त्यांच्यासमोर तीन माणसं उभी होतीच. माझ्या कोऱ्या कागदानं हरली.

आज सकाळी कमिटीतल्या सगळ्यांना मी घरी बोलावलं. म्हटलं, ती कोरी चिठ्ठी माझी होती. माझी काही हरकत नव्हती, खातूनबींनी इथे यावं अशी माझी इच्छा होती, आणि मी ती लिहिली नाही. हे इतिवृत्तात माझ्या नावानं घ्या, आणि दुसरा अध्यक्ष बघा. रवीला घाम फुटला. "सर, गरज आहे का? कुणाला कळलंसुद्धा नसतं." मालनताई म्हणाल्या, "अहो, घर तर गेलं. आता कशाला मनाला लावून घेता?" दोघं उठून गेले. मी खिडकीत बसून राहिलो. म्हटलं, झालं, बाक सुटला.

संध्याकाळी दार वाजलं. मालनताईंचा डबा. आमटी, आणि वर पानात गुंडाळून दोन सांडगे. "जेवून घ्या सर. सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

अदनान, ती आमटी मला गिळवेना. त्या दिवशी मी उभा राहून ‘येऊ द्या त्यांना’ म्हटलं असतं, तरी हा डबा आला असता. बाकावर दोन दिवस अबोला असता फार तर. ज्या भीतीपायी मी तुझ्या आईला घराबाहेर ठेवलं, ती भीतीसुद्धा खरी नव्हती.

आता कामाचं. आभारातलं माझं नाव काढ. लाजतो म्हणून मी नको म्हणतो आहे असं तुला मागच्या वेळी वाटलं असेल. तसंच वाटावं असं मी लिहिलं होतं. नियम मात्र ठेव. नियम बरा आहे, मी बरा निघालो नाही.

पण तुमच्या मसुद्यात एक भोक आहे. ते माझ्या वर्गातही होतं आणि मला कधी दिसलं नाही. जो चूक दाखवतो त्याचं नाव तुम्ही छापणार. जो शाबासकी देतो त्याचंही छापणार. आणि जो देश त्या खोलीत बसेल, सगळं ऐकेल, पेन फिरवल्यासारखं करेल आणि काहीच बोलणार नाही, त्याचं काय? त्याचं नाव कुठेच येणार नाही. तो दोन्हींकडून चांगला राहील. तपासणी संपली की आधी त्यांची नावं वाचा. मोठ्यानं, एकेक करून: हे हजर होते, यांनी काही म्हटलं नाही. लहान देश असेल तर म्हणेल, मी कर्जात होतो, शेजारच्याची भीती होती. म्हणू दे. कारणही शेजारी छापा. पण नाव वाचाच. ती नावं आपल्याला ऐकू येणार आहेत एवढं जरी आधी माहीत असलं, तरी काहींची पेनं कागदाला टेकतील. माझं टेकलं असतं.

तुझ्या आईची गाडी परवा सकाळची आहे. स्टेशनवर मी जाणार आहे. त्यांनी येऊ नका म्हटलं तर लांब उभा राहीन.

‘उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल’ असं इथे लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं, आणि या कागदावर आज खोटं नको. रागावून लिही. मला सर म्हणू नकोस हवं तर. शिव्या दे, तुला येत नसतील तर तिकडच्या भाषेत दे. कोरं मात्र ठेवू नकोस.

भास्कर शेवाळे